अँड्र्यू डब्ल्यू. के.चा ‘आय गेट वेट’ : एवढा दणका, तरी अर्ध्यातच कान का विटतात?

रिकामी_फ्रेट :

जुना विषय उकरतोय, सांभाळून घ्या.

परवा ‘आय गेट वेट’ पुन्हा लावला. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत आलेला, अँड्र्यू डब्ल्यू. के. या अमेरिकी रॉक गायकाचा पहिला पूर्ण अल्बम. ऐकला नसेल त्यांनी मुखपृष्ठ तरी पाहिलं असेलच : लांब केसांचा तरुण समोर बघतोय आणि नाकातून हनुवटीखालपर्यंत रक्ताचा ओघळ. बारा गाणी, सगळी मिळून पस्तीसेक मिनिटं. त्यातल्या तीन गाण्यांच्या नावातच ‘पार्टी’ आहे, म्हणजे दुकानात काय मिळतं ते पाटीवरच लिहिलंय, फसवणुकीची तक्रार करायला जागा नाही.

पहिलं गाणं दीड मिनिटात उरकतं आणि लगेच ‘पार्टी हार्ड’. ते सुरू झालं की मला बसवत नाही, खोटं कशाला बोलू. ड्रम, गिटारींची भिंत, त्यावर कीबोर्ड, त्यावर पन्नास जण एकदम ओरडताहेत असा कोरस. दोन-तीन गाणी अशी मस्त जातात. सहाव्या-सातव्या गाण्याशी मात्र हात आपोआप आवाज कमी करायला जातो. कंटाळा म्हणावा तर तसंही नाही, कारण चाली चांगल्या आहेत. ‘शी इज ब्युटिफुल’ची चाल नुसत्या पियानोवर वाजवून बघा, साधी आणि गोड आहे. अल्बमवर तीच चाल अंगावर येते.

प्रश्न असा : हे प्रॉडक्शनमुळे होतंय की गाण्यांतच दम नाही? ‘अहो, पार्टीचं संगीत उथळच असायचं’ हे उत्तर नको, ते मलाही देता येतं. उथळ म्हणजे नेमकं काय कमी आहे, की जास्त आहे, ते कोणी सांगेल का?


बोंबील्या :

डोकं बाजूला ठेवा आणि आवाज वाढवा. पस्तीस मिनिटांच्या अल्बमची चिरफाड करायला तासभर घालवणारे तुम्हीच पहिले.

(बाकी मुखपृष्ठाबद्दल +१. ते रक्त त्यानं स्वतःचं नाक फोडून काढलं आणि कमी पडलं म्हणून खाटकाकडून आणलं, असं तो मुलाखतींत सांगतो. खरंखोटं तोच जाणे, या माणसाबद्दलच्या निम्म्या गोष्टी त्यानंच सोडलेल्या आहेत.)


फेडरवाला :

रिकामी_फ्रेट, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर बऱ्यापैकी तांत्रिक आहे. मी कार्यक्रमांचं ध्वनिमिश्रण करतो, कधीमधी रेकॉर्डिंगही. जरा लांबण लागेल.

आधी थरांचं बघू. रॉकमध्ये गिटार ‘डबल’ करणं नेहमीचं आहे. तोच भाग वादक दोनदा वाजवतो, एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. दोन टेक कधीच हुबेहूब सारखे येत नाहीत. काही मिलिसेकंदांचा फरक पडतो, तार किंचित कमीजास्त ताणली जाते, आणि त्या फरकामुळेच आवाज रुंद वाटतो. दोनाचे चार केले की आणखी जाडी येते. पण याच अल्बमसारखे थरांवर थर रचत गेलात की उलटं व्हायला लागतं. प्रत्येक टेकमधला वादकाचा स्वतःचा असा जो झटका असतो, तारेला पिक (तार छेडायची चकती) लागतानाची ती टोकदार ‘टक्’, ती बाकीच्यांच्या टकटकीत मिसळून बोथट होते. सगळ्यांच्या चुका एकमेकींना पुसून टाकतात. उरतो तो गिटारींचा सरासरी आवाज. कोणीतरी वाजवतंय ही जाणीवच जाते आणि ‘गिटार’ नावाचा एक पदार्थ स्पीकरमधून ओतल्यासारखा येत राहतो.

त्यात इथे गिटार जी सुरावट वाजवते, तीच कीबोर्ड वाजवतो आणि बऱ्याचदा तीच गळ्यातून येते. एकमेकांना उत्तर देणारं कोणी नाही, सगळे एकच वाक्य एका सुरात म्हणताहेत. म्हणून पहिल्या फटक्यात चाल डोक्यात बसते. आणि म्हणूनच दुसऱ्यांदा ऐकताना शोधायला काही शिल्लक राहत नाही. तुम्ही चाल पियानोवर वाजवलीत तेव्हा ती गोड लागली, कारण तुमच्या बोटांनी काही सूर जोरात दाबले, काही हलके सोडले. अल्बमवर ती सोय नाही. तिथे प्रत्येक सूर ठळक अक्षरांत आहे.

आता लेव्हलचं. डिजिटल रेकॉर्डिंगला वर छत असतं, शून्य डेसिबल. त्याच्यावर काही जात नाही. सीडीच्या १६ बिटांत तत्त्वतः ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, म्हणजे कुजबुजीपासून तोफेपर्यंत. पण नव्वदीच्या मध्यापासून रॉक आणि पॉपच्या सीड्या या छताला टेकवून ठेवायची अहमहमिका लागली. सीडी बदलली की जिचा आवाज मोठा ती दमदार वाटते, एवढंच त्यामागचं गणित. लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारं साधन) लावून आवाजाचे शेंडे दाबायचे आणि मग सगळंच वर ढकलायचं. त्यानं हळू भाग मोठे होतात, मोठे तिथेच राहतात.

याचा सगळ्यात वाईट परिणाम कोरसवर होतो. कडवं मुळातच छताला लागलंय, तर कोरस जाणार कुठे? कोरस मोठा वाटावा म्हणून तुम्ही आणखी आवाज घालता, लिमिटर म्हणतो जागा नाही, आणि मग ड्रमच कोरसमध्ये बारीक होतात. हेडफोन लावून स्नेअरकडे, म्हणजे ड्रमसेटमधल्या त्या कडक वाजणाऱ्या ड्रमकडे, लक्ष द्या. कडव्यात ती छातीवर आदळते, आणि सगळे गायला लागले की पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वाजते. एकदा हे कानात बसलं की मग दुसरं काही ऐकू येत नाही, आधीच माफी मागतो.

कान विटण्याचं कारण हेच. आवाज मोठा असल्यामुळे माणूस तेवढा थकत नाही, तो हलत नसल्यामुळे थकतो. मध्ये श्वास घ्यायला फटच नाही.


तानपुरा_सोडून :

+१. भरीला गळ्याची गोष्टही आहे. माणसाचं बोलणं समजतं ते बरंचसं एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि विकृत केलेल्या (डिस्टॉर्शन लावून खरखरीत केलेल्या) गिटारी नेमक्या तिथेच पसरून बसतात. त्यांच्यातून गळा बाहेर काढायचा तर दोनच वाटा : गिटारी मागे घ्या, नाहीतर गळ्यावर गळे चढवा. इथे दुसरी वाट धरली आहे. त्यामुळे शब्द कळोत न कळोत, घोषणा कळते. या गाण्यांत घोषणेपलीकडे फारसे शब्द नाहीतच, तेव्हा नुकसान काही झालं नाही म्हणा.


जुनी_कॅसेट :

फेडरवाल्यांचं तंत्राचं सगळं मान्य, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही. तुम्ही दोष म्हणून जे मोजताय तोच त्या माणसाचा हेतू होता.

तो कोण ते बघा. मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये वाढला, लहानपणापासून पियानो शिकला, नव्वदीच्या अखेरीस न्यूयॉर्कला आला. हाताला तालीम असलेला माणूस आहे. त्याला नाजूक काही करता येत नव्हतं म्हणून त्यानं भिंत उभी केली असं नाही. सहनिर्माता कोण, तर स्कॉट हम्फ्री, ज्यानं १९९८ साली रॉब झॉम्बीचा ‘हेलबिली डिलक्स’ केला. संगणकावर रॉक कापून-जोडून घट्ट बसवण्यात मुरलेला गडी. आणि गाणी रस्त्यावर नेताना बँडमध्ये तीन गिटारी घेतल्या, ड्रमवर डोनल्ड टार्डी, म्हणजे फ्लोरिडाच्या ‘ऑबिच्युअरी’ या डेथ मेटल बँडचा ड्रमर. एवढी जमवाजमव करून माणूस म्हणतोय, चला नाचू या. ‘वादकाचा हात दिसत नाही’ ही तक्रार इथे गैरलागू आहे. हात दिसायलाच नको होता. ‘मी’ नको, ‘आपण’ हवं, म्हणून तर पन्नास गळे.

त्या वर्षाची हवाही आठवा. २००१ मध्येच न्यूयॉर्कच्याच ‘स्ट्रोक्स’ या बँडचा ‘इज धिस इट’ आला. मुद्दाम लहान ठेवलेला, खरखरीत, गळा टेलिफोनमधून आल्यासारखा. जाणकारांनी तो डोक्यावर घेतला, आणि चांगला आहेच तो. त्याच शहरात, त्याच वर्षी नेमका उलटा अल्बम. स्ट्रोक्सना ११ सप्टेंबरनंतर आपल्या अमेरिकेतल्या सीडीवरून पोलिसांना टोमणे मारणारं ‘न्यूयॉर्क सिटी कॉप्स’ हे गाणं काढून टाकावं लागलं, आणि हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी आलेल्या या अल्बमवर ‘आय लव्ह एनवायसी’ नावाचं गाणं होतं. योगायोगच, पण काय योगायोग!

आणि ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाची गंमत. तेव्हा त्यांनी या अल्बमला दहापैकी ०.६ दिले होते. शून्य पूर्णांक सहा! दशक संपताना त्यांनीच त्या दशकातल्या दोनशे उत्तम अल्बमच्या यादीत याला बसवलं. अल्बम तोच, ओळ न् ओळ तीच. मग उथळ कोण म्हणायचं?


फेडरवाला :

जुनी_कॅसेट, हेतू होता हे मीही म्हणतोय. हेतुपुरस्सर केलं म्हणून कानाला सूट मिळत नाही. ‘मला भिंतच बांधायची होती’ म्हटलं तरी भिंतीला खिडकी नाही ते नाहीच.

पिचफोर्कचं म्हणाल तर दोन्ही वेळा त्यांनी अल्बमपेक्षा स्वतःचीच प्रतिमा जास्त तपासली असावी असा माझा संशय. २००१ मध्ये असलं आवडणं लाजिरवाणं होतं, पुढे न आवडणं लाजिरवाणं झालं. ०.६ हा मूर्खपणा होता याबद्दल वाद नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं सांगतो, कारण ती खरी आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढेल तसा तो फरक मिटत जातो. म्हणून घरात हळू लावल्यावर हा अल्बम नुसता मधल्या पट्ट्यातला गोंगाट वाटतो. मोठ्या हॉलमध्ये, मोठ्या स्पीकरवर तळ भरून येतो, वर गर्दीचा स्वतःचा आवाज मिसळतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये नसलेली हवा त्या खोलीतून मिळते. तिथे तो चालतो. नुसता चालतो काय, धावतो. तीन-चार गाणी तर नक्कीच.


रिकामी_फ्रेट :

भारी चर्चा, सगळ्यांचे आभार. (स्नेअरचं आता खरंच डोक्यातून जात नाहीये. फेडरवाला, तुमचा निषेध.)

उपप्रश्न : मी हे स्ट्रीमिंगवर ऐकतोय. तिथे सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करतात ना? मग त्या छताला टेकवण्याचा फायदा उरतो का?


तानपुरा_सोडून :

उरत नाही, उलट अंगाशी येतो. स्पॉटिफायवर नेहमीची सेटिंग असेल तर सरासरी मोठेपणा साधारण −१४ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणून ठेवतात. दाबून मोठं केलेलं गाणं त्या हिशेबात खाली ओढलं जातं. शेंडे तर आधीच कापलेले, ते काही परत येत नाहीत. शेजारी सत्तरीतलं मोकळं रेकॉर्डिंग लागलं तर त्याचे ड्रम याच्यापेक्षा जोरात आदळतात. मोठा दिसण्यासाठी सगळं गहाण टाकलं, आणि आता मोठेपणाही गेला. २००१ च्या माणसाला हे कुठून कळणार, तेव्हा तो शहाणपणाच होता.

मेटॅलिका या मेटल बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमचा किस्सा माहीत असेलच. २००८ मध्ये सीडी इतकी दाबून काढली की ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी जास्त मोकळी वाजली, आणि लोक गेममधली गाणी काढून ऐकायला लागले.


चौथा_सूर :

उशिरा आलो. धाग्यात ‘जास्त प्रॉडक्शन म्हणजे उथळ’ असा सूर लागतोय, त्याला आक्षेप.

डेफ लेपर्ड या ब्रिटिश बँडचा ‘हिस्टेरिया’ घ्या, १९८७ चा. पार्टी रॉक आणि अतिप्रॉडक्शन यांची परमावधी. मट लँग हा निर्माता, सोबत जवळपास तीन वर्षांची उठाठेव. ३१ डिसेंबर १९८४ ला ड्रमर रिक ॲलनचा डावा हात अपघातात गेला, तो अर्ध्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटवर डाव्या हाताचं काम पायानं करायला शिकला. अल्बमवरचे ड्रम तर फेअरलाइट संगणकातून नमुने जुळवून बांधलेले. गिटारी ॲम्पऐवजी ‘रॉकमन’ नावाच्या हातात मावणाऱ्या डबीतून घेतल्या. काही ठिकाणी तर अख्खी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एकदम न छेडता एकेक तार वेगळी रेकॉर्ड करून मग कॉर्ड जुळवली. लँगचं म्हणणं होतं की मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’सारखा रॉक अल्बम करायचा, ज्यातलं कुठलंही गाणं सिंगल म्हणून काढता येईल. खर्च इतका चढला की तो भरून निघायलाच पन्नास लाखांच्या आसपास प्रती खपणं भाग होतं, असं बँडवाले सांगतात. बारा गाणी, तासाहून जास्त, सात सिंगल्स.

आणि ‘पोर सम शुगर ऑन मी’मध्ये अर्थाच्या नावानं काय आहे? शून्य. पार्टी हार्डपेक्षा दोन इंचही खोल नाही. तरी मी तो अल्बम अख्खा ऐकतो. कारण एकेक तार वेगळी घेतल्यानं कॉर्डमधले सूर वेगवेगळे दिसतात, तिथे गिचका होत नाही. एक गिटार बोलते तेव्हा दुसरी गप्प बसते. कोरस येण्याआधी लँग जवळजवळ सगळं काढून घेतो, एक-दोन आवाज ठेवतो, आणि मग सोडतो. थर तिथेही ढिगानं आहेत, पण प्रत्येकाला वेळ ठरवून दिलीय. शब्द उथळ असले तरी मांडणी खोल असू शकते. ‘आय गेट वेट’मध्ये दोन्ही पृष्ठभागावर आहेत, हा फरक.


जुनी_कॅसेट :

‘हिस्टेरिया’ मलाही आवडतो, पण तो मला नेहमी काचेच्या कपाटातला वाटतो. तीन वर्षं पुसून पुसून ठेवलेला. अँड्र्यूच्या अल्बममध्ये घाम आहे.


फेडरवाला :

घाम आहे म्हणता, मग घाम ऐकू यायला नको का? तो तर मी म्हटलं तसा थरांखाली पुसला गेलाय! तुम्हाला ऐकू येतो तो त्याच्या कार्यक्रमांच्या चित्रफितींमधला घाम. पांढरा टीशर्ट, पांढरी पँट, केस भिरभिरवत उड्या. ते डोळ्यासमोर ठेवून अल्बम ऐकला की अल्बमला उसनं बळ येतं. चौथा_सूर यांनी ‘सगळं काढून घेतो’ म्हटलंय, त्यावर माझे पूर्ण गुण. ‘रेडी टु डाय’मध्ये कुठेतरी दोन मात्रा नुसती शांतता ठेवली असती तर पुढचा फटका कितीतरी मोठा बसला असता, आणि त्यासाठी एकही गिटार वाढवावी लागली नसती.


बोंबील्या :

दोन मात्रा शांतता ठेवली तर लोक नाचायचे थांबतात, साहेब.


फेडरवाला :

थांबत नाहीत. हवेत असतात.


जुनी_कॅसेट :

हे बरं बोललात. तरी मत तेच.

रिकामी_फ्रेट, तुम्ही पियानोवर चाल वाजवून पाहता म्हणून सुचवतो : याच माणसाचा २००९ चा ‘५५ कॅडिलॅक’ ऐका. बहुतांश नुसता पियानो, आयत्या वेळी सुचेल तसं वाजवलेलं. कोरस नाही, घोषणा नाही. फेडरवाल्यांना हवा असलेला हात तिथे दिसतो.


रिकामी_फ्रेट :

लगेच लावला, दोन तुकडे ऐकून झाले. हात दिसतो खरा, डावा हात तर फार दणकट आहे. पण गंमत अशी की चाली ‘आय गेट वेट’च्याच चांगल्या आहेत. इथे बोटं मोकळी फिरताहेत आणि लक्षात राहील असं अजून काही हाती लागलं नाही. उरलेला ऐकून लिहितो.


चौथा_सूर :

म्हणजे गाण्यांत दम होता. मूळ प्रश्नाचा निम्मा भाग तुम्हीच सोडवलात, राहिलेल्या निम्म्यासाठी फेडरवाल्यांना मूळ ट्रॅक मिळवून द्या, ते निम्म्या गिटारी काढतील.


फेडरवाला :

निम्म्या? चार ठेवीन.